वर्ध्याचा सूर्य आणि स्टेशनचं घड्याळ

वर्ध्याला लागूनच असलेल्या पिपरी मेघेत सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा घड्याळात बारा वाजून साधारण १६ मिनिटं झालेली असतात (ऋतूनुसार थोडं पुढेमागे). कारण साधं आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आणि वर्धा त्याच्या पश्चिमेला जवळपास चार अंश.

पूर्वी गावोगावचा मध्यान्ह वेगळा असे. मुंबईपेक्षा वर्ध्याचा सुमारे २३ मिनिटं आधी. रेल्वे आली आणि ही चैन परवडेना. गाड्यांनी मद्रासची वेळ धरली. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईकरांनी आपली ३९ मिनिटं मागची वेळ कित्येक दशकं सोडली नाही. हट्ट म्हणावा तर हट्टच!

प्रमाणवेळ लागू होण्याच्या जेमतेम तीन महिने आधी आइनस्टाइनचा सापेक्षतेवरचा शोधनिबंध छापून आला होता. त्यात उदाहरण होतं गाडीचंच: गाडी सातला येते, म्हणजे तिचं येणं आणि काटा सातवर येणं या घटना एकाच वेळी घडतात. पण ‘एकाच वेळी’ कुणाच्या लेखी? वेगात जाणाऱ्याचं उत्तर वेगळं येतं.

रेखांशाचा फरक सरकारी फतव्याने मिटला. आइनस्टाइनने दाखवलेला हा फरक मिटत नाही. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं वेगामुळे रोज सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि तिथे गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने ४५ पुढे जातात. ३८ ची दुरुस्ती केली नाही, तर मोबाइलचा नकाशा दिवसभरात काही किलोमीटर चुकेल.

आता मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ, आइनस्टाइनच्याच सिद्धांतातली अवकाश-काळाची थरथर मोजणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्राने २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या असतील.