जाड्या उंदराने उलगडलेली भूक

वर्गात एखादे मूल फार लठ्ठ असले की ‘त्याचा खाण्यावर ताबाच नाही’ असे आपण चटकन म्हणून जातो. डॉक्टरही बराच काळ याहून फार वेगळे म्हणत नव्हते. त्यांना शंका घ्यायला लावली ती उंदरांनी.

१९४९ साली अमेरिकेत, मेन राज्यातील बार हार्बर येथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांच्या पैदाशीत काही विलक्षण गुबगुबीत पिल्ले आढळली. मोठेपणी ती इतर उंदरांच्या जवळजवळ तिप्पट वजनाची होत. आईबाप मात्र नेहमीच्या बांध्याचे. म्हणजे मेंडेलच्या वाटाण्यांत आपण शिकवतो तसे हे अप्रभावी जनुक होते. त्याला ‘ओबी’ म्हणू लागले. पुढे १९६६ मध्ये तेथेच ‘डीबी’ या दुसऱ्या लठ्ठ, शिवाय मधुमेही उंदराची नोंद झाली.

या दोघांत फरक काय, हे डग्लस कोलमन यांनी शोधले. त्यांची पद्धत अंगावर काटा आणणारी होती. दोन उंदरांच्या कुशी शस्त्रक्रियेने जोडायच्या, म्हणजे एकाचे रक्त हळूहळू दुसऱ्यात मिसळते. डीबीला साधा उंदीर जोडला, तेव्हा साध्याने खाणे सोडले आणि तो उपासमारीने मेला. डीबी खातच राहिला. डीबीला ओबी जोडला, तर तो खादाड ओबीही उपाशी मेला. ओबीला साधा उंदीर जोडला, तेव्हा साध्याला काही झाले नाही, ओबीचे खाणे मात्र कमी झाले.

इथे वाचन थांबवून विद्यार्थ्यांनाच निष्कर्ष काढायला सांगावे, असे आम्ही सुचवू. कोलमन यांनी काढला तो असा: ‘आता पुरे’ हा निरोप रक्तातून मेंदूकडे जातो. ओबीला तो निरोप तयारच करता येत नाही. डीबी तो भरपूर तयार करतो, पण त्याच्या मेंदूला तो ऐकू येत नाही.

हे १९७३ पर्यंतचे काम. निरोप नेणारा पदार्थ हाती नव्हता, त्यामुळे लठ्ठपणाला जिभेचे चोचले समजणारे बधले नाहीत. १९९४ च्या डिसेंबरात रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ओबी जनुक शोधल्याचे जाहीर केले. ते जनुक ज्याची कृती सांगते ते संप्रेरक बनते चरबीच्याच पेशींत! ज्या चरबीला आपण नुसते कोठार समजत होतो, ते कोठारच आपल्या साठ्याची खबर मेंदूला देत होते. संप्रेरकाचे नाव ठेवले ‘लेप्टिन’. ग्रीक भाषेत ‘लेप्टोस’ म्हणजे बारीक.

माणसाचे काय? १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना नात्याने भाऊबहीण लागणारी दोन मुले भेटली. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचे २९. दोघांच्याही लेप्टिन जनुकातले एकच अक्षर गळाले होते. मुलीला रोज लेप्टिन टोचल्यावर वर्षभरात तिचे वजन १६ किलोंनी उतरले. तिच्या हावरटपणाला नावे ठेवणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

मग सर्वांनाच लेप्टिन टोचावे का? एका औषध कंपनीने त्या आशेने २ कोटी डॉलर मोजलेही होते. पण बहुतेक लठ्ठ प्रौढांच्या रक्तात लेप्टिन कमी नसते, उलट जास्तच असते, आणि टोचून फारसा फरक पडत नाही. त्यांच्यात एकच जनुक बिघडलेले नसते. २००७ मध्ये सुमारे ३९,००० जणांच्या तपासणीतून ‘एफटीओ’ जनुकातील एक फरक सापडला. त्याच्या दोन्ही प्रती मिळालेले प्रौढ एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोंनी जड होते. सुट्टीत महिनाभर मामाकडे राहून आल्यावर पडावा, तेवढाच हा फरक! असे शेकडो फरक आता ठाऊक झाले आहेत, बहुतेकांचा वाटा याहूनही लहान. आणि त्यांतील बरीच जनुके काम करतात ती मेंदूत.