नसलेल्या हाताचा आरसा

हात तोडलेला, तरी त्याच हाताची मूठ आवळून नखं तळव्यात रुतताहेत, असं माणूस कळवळून सांगतो. अमेरिकी यादवी युद्धातल्या जायबंदी सैनिकांच्या अशा तक्रारी फिलाडेल्फियाचे डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी मन लावून ऐकल्या. १८६६ मध्ये त्यांनी या अनुभवावर आधी एक कथा लिहिली, तीही निनावी. १८७१ मध्ये नाव दिलं ‘फॅन्टम लिम्ब’, अवयवाचं भूत. खात्रीचा उतारा मात्र मिळेना. शल्यवैद्यांनी खुंट आणखी छाटून पाहिले. दुखणं तिथं नव्हतंच.

१९९०च्या दशकात सॅन दिएगोच्या विद्यापीठात व्ही. एस. रामचंद्रन मानसशास्त्र शिकवत होते. वैद्यकी शिकले चेन्नईत. त्यांच्याकडे आलेल्या एका तरुणाचा हात मोटारसायकलच्या अपघातात लुळा पडला होता. वर्षभर झोळीत राहिला, मग कापावा लागला. पण दहा वर्षांनंतरही तो नसलेला हात तसाच लुळा आणि ठणकत होता. रामचंद्रन यांना इथंच धागा सापडला. वर्षभर मेंदू हुकूम सोडत होता आणि डोळे कळवत होते, ‘हललेला नाही’. हे लुळेपण मेंदूनं शिकून घेतलं असेल, तर डोळ्यांनीच ते विसरायला लावता येईल का?

त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यात मधोमध आरसा उभा केला. एका बाजूनं धडधाकट हात आत घालायचा आणि आरशात बघायचं. प्रतिबिंब नेमकं नसलेल्या हाताच्या जागी दिसतं. तरुणानं हात हलवला, आणि त्याला दहा वर्षांत पहिल्यांदा दुसराही हलल्यासारखा वाटला. डोळे मिटले की पुन्हा लुळा. खोकं तो घरी घेऊन गेला. काही आठवड्यांनी भुताचा दंड आणि कोपर नाहीसे झाले, कोपराचं दुखणंही गेलं. बोटं तेवढी खांद्याशी उरली.

हा खुलासा सगळ्यांना पटलेला नाही, गुणही प्रत्येकाला येत नाही. तरी मला हे खोकं मोलाचं वाटतं, कारण रुग्णाचं म्हणणं जसंच्या तसं खरं मानल्याशिवाय ते सुचलंच नसतं.

पुढे अर्धांगवायूच्या रुग्णांच्या पुनर्वसनातही आरसा आला. २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या सैनिकी इस्पितळातला प्रयोग प्रसिद्ध झाला. पाय गमावलेल्या काहींना रोज पंधरा मिनिटं आरसा दिला, काहींना चादरीनं झाकलेला आरसा, काहींना नुसती कल्पना करायला सांगितलं. चार आठवड्यांत आरशात पाहणाऱ्या सहाही जणांच्या कळा कमी झाल्या. झाकलेल्या आरशापुढे बसलेल्यांत एकाच्याच. मग उरलेल्यांपैकी नऊ जणांना उघडा आरसा दिला. आठ जणांना आराम पडला.