ट्रायच्या कायद्यातली ठिगळं

२८ मे २०१४ रोजी केंद्र सरकारने एक वटहुकूम काढला. नव्या पंतप्रधानांचा शपथविधी होऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते. वटहुकूम ना महागाईवर होता, ना शेतीवर. १९९७च्या भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण कायद्यातल्या, म्हणजे 'ट्राय'च्या कायद्यातल्या, पाचव्या कलमाचं आठवं पोटकलम त्याने बदललं. ट्रायच्या अध्यक्षपदावरून किंवा पूर्णवेळ सदस्यपदावरून उतरलेल्या माणसाला पुन्हा केंद्र वा राज्य सरकारची नोकरी करता येणार नाही, असं ते पोटकलम सांगत होतं. ट्रायचे माजी अध्यक्ष नृपेंद्र मिश्र यांना पंतप्रधानांचे प्रधान सचिव नेमायचं ठरलं होतं आणि नेमकं हेच पोटकलम आडवं आलं होतं.

मिश्रांच्या कुवतीबद्दल किंवा सचोटीबद्दल वाद नव्हता, आजही नाही. प्रश्न पोटकलमाचा आहे. ते कुणी घातलं, कशासाठी घातलं आणि ते काढताना संसदेत किती वेळ चर्चा झाली, याचा माग काढायचा तर बरंच मागे जावं लागतं.

आपल्याकडच्या दूरसंचाराची मूळ सनद म्हणजे १८८५चा टेलिग्राफ कायदा. त्याच्या चौथ्या कलमाने तारा उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क एकट्या सरकारला दिला. स्वातंत्र्यानंतरही तो तसाच राहिला. धोरण ठरवणारं, परवाना देणारं, दर लावणारं आणि फोन विकणारं खातं एकच. तक्रार करायची तीही त्याच खात्याकडे. मुंबईत १९८६ साली महानगर टेलिफोन निगम आलं, तरी मालक सरकारच. फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहणं, जास्त पैसे भरून 'ओवायटी'च्या रांगेत शिरणं, हे मध्यमवर्गीय घरांच्या अंगवळणी पडलं होतं. आणि तिसरी वाट खासदारांकडून जात असे. त्यांच्या शिफारशीवर जोडण्या देण्याचा कोटा होता. लोकप्रतिनिधी आणि दूरसंचार यांचं आपल्याकडचं जुनं नातं हे असं, चिठ्ठीचं. नियामक नावाची गोष्ट त्या नात्यात बसतच नव्हती.

१९९४च्या दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडलं, पण पंच नेमायचा राहून गेला. सामना सुरू झाला तेव्हा एका संघाचा कप्तानच शिट्टी फुंकत होता. १९९५च्या निविदांवरून संसदेत गदारोळ झाला आणि कामकाज दिवसचे दिवस बंद पडलं. त्या निविदांच्या वेळचे दूरसंचारमंत्री सुखराम यांच्या घरांवर १९९६च्या ऑगस्टमध्ये सीबीआयचे छापे पडले आणि कोट्यवधींची रोकड सापडली. त्याआधी फेब्रुवारीत, दिल्ली सायन्स फोरमच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने खासगीकरणाचं धोरण मान्य केलं होतं, पण स्वतंत्र नियामक असणं अत्यावश्यक आहे, असंही बजावलं होतं. तेव्हा ट्रायचा जन्म सरकारला उपरती झाली म्हणून झालेला नाही. न्यायालयाचा रेटा, बदनामी आणि परदेशी गुंतवणूकदारांची धास्ती या तिन्हींनी तो घडवून आणला. जानेवारी १९९७मध्ये वटहुकूम निघाला आणि मार्चमध्ये त्याचा कायदा झाला.

तो पहिला कायदा आज वाचला की आश्चर्य वाटतं, इतकी त्यात सावधगिरी आहे. अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश असलेलाच हवा. मुदत पाच वर्षांची. गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढायचं असेल तर सरकारने प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवायचं आणि न्यायालयाच्या चौकशीनंतरच हात लावायचा. शिवाय ते आठवं पोटकलम. यातली खोच अशी की १९९७ साली देशातली सर्वांत मोठी टेलिफोन कंपनी खुद्द सरकार होतं. खासगी कंपनीत लगेच नोकरी नको हे कुणालाही पटतं. इथे सरकारी नोकरीही त्याच मापाने मोजली होती, कारण ट्रायसमोर उभ्या राहणाऱ्या पक्षकारांत सरकार हाच सर्वांत बडा पक्षकार होता. उद्या आपल्याला पद देऊ शकेल अशा पक्षकाराविरुद्ध आज निकाल देणं कुणालाही जड जातं.

निवृत्त न्यायमूर्ती एस. एस. सोधी पहिले अध्यक्ष झाले आणि खात्याला लौकरच कळलं की हे प्रकरण शोभेचं नाही. लँडलाइनवरून मोबाइलला लावलेल्या कॉलचे दर खात्याने वाढवले, ते ट्रायने रद्द केले. महानगर टेलिफोन निगमला मोबाइल सेवेत उतरवायचं ठरलं, तेव्हा आमची शिफारस का घेतली नाही, असं ट्रायने विचारलं. १९९८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला: परवाना देणाऱ्या सरकारवर ट्रायचा अधिकार चालत नाही. १९९९मध्ये ट्रायने एसटीडीचे दर खाली आणले. त्या काळी मोबाइलवर आलेल्या कॉलचेही पैसे पडत. फोन वाजला की लोक आधी नंबर बघत, उचलायचं की नाही ते मग ठरवत. कॉल करणाऱ्यानेच पैसे द्यावेत, असा आदेश ट्रायने काढला. तोही उच्च न्यायालयात टिकला नाही.

मग २४ जानेवारी २००० उजाडला. वाजपेयी सरकारने वटहुकूम काढून सगळं प्राधिकरणच बरखास्त केलं. अध्यक्षांसह सर्व सदस्यांनी पदं सोडायची आणि मुदतीआधी जावं लागल्याची भरपाई म्हणून जास्तीत जास्त तीन महिन्यांचा पगार व भत्ते घ्यायचे, अशी तरतूद झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या चौकशीशिवाय ज्यांना हात लावता येत नव्हता, त्यांना असं एका ओळीत घरी पाठवता आलं. कुणावर आरोप ठेवावा लागला नाही. पदच नाहीसं केलं की पदावरचा माणूस आपोआप जातो, ही युक्ती त्या दिवशी सरकारच्या हाती आली. पुढे संसदेने त्या वटहुकुमाचा कायदा केला.

त्या दुरुस्तीत चांगलं काहीच नव्हतं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. तंट्यांसाठी टीडीसॅट हा वेगळा लवाद आला. दर ठरवणाऱ्यानेच त्यावरचे वाद सोडवू नयेत, हे तत्त्व बरोबरच होतं. नवा परवाना देण्याआधी ट्रायची शिफारस मागवणं सरकारवर बंधनकारक झालं आणि ती मान्य नसेल तर फेरविचारासाठी परत पाठवणंही. पण दुसऱ्या हाताने बरंच काढून घेतलं. अध्यक्ष न्यायाधीश असण्याची अट गेली. पाच वर्षांची तीन झाली. पदावरून काढताना सर्वोच्च न्यायालयाची चौकशी नको, संबंधिताला म्हणणं मांडायची संधी दिली की पुरे, असं ठरलं. धोरणाच्या प्रश्नावर सरकारचे निर्देश ट्रायवर बंधनकारक आहेत आणि एखादा प्रश्न धोरणाचा आहे की नाही हेही सरकारच ठरवणार, हे पंचविसावं कलम पहिल्यापासून होतंच. पैसाही संसदेने मंजूर केलेल्या अनुदानातून, म्हणजे सरकारमार्फतच येतो.

ही युक्ती आपलीच खासियत आहे असं नाही. २०१३मध्ये स्पेनने आपला दूरसंचार नियामक एका मोठ्या आयोगात विलीन केला आणि त्या ओघात त्याचे अध्यक्ष व एक सदस्य मुदतीआधी घरी गेले. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. नुसती संस्थेची फेररचना हे नियामकाला मुदतीआधी काढायचं कारण होऊ शकत नाही, स्वातंत्र्य जपणारे नियम आधी हवेत, असा निकाल २०१६मध्ये लागला. त्याआधी, २००९ साली, याच न्यायालयाने जर्मनीच्या संसदेलाही चाप लावला होता. डॉइश टेलिकॉमच्या नव्या वेगवान जाळ्यावर नियमन नको, असा कल जर्मन कायद्यातच लिहून ठेवला होता. कुठल्या बाजाराचं नियमन करायचं हे नियामकाने ठरवायचं, कायदेमंडळाने त्याचे हात आधीच बांधायचे नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं. तिकडे संसदेच्या वर एक न्यायालय आणि युरोपीय संघाचे निर्देश आहेत. आपल्याकडे ट्राय ही संसदेच्या कायद्याने जन्मलेली संस्था, त्यामुळे तिचं स्वातंत्र्य साध्या बहुमताच्या मर्जीवर.

आता ते बहुमत काय करतं ते पाहू. २०१०चं सगळं हिवाळी अधिवेशन टू-जी परवाने वाटपाच्या प्रकरणात संयुक्त संसदीय समिती नेमा, या मागणीवर वाहून गेलं. पुढे समिती बसली. मंत्र्यांनी ट्रायच्या शिफारशींतलं सोयीचं तेवढं उचललं, हा महालेखापरीक्षकांचा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये १२२ परवाने रद्द करताना ट्रायच्या शिफारशींनाही बोल लावला. (फौजदारी खटल्यात २०१७ला सगळे आरोपी सुटले, ती कहाणी वेगळी.) इतक्या ओरडीनंतर नियामकाला बळ देणारी एखादी दुरुस्ती येईल, अशी अपेक्षा कुणी केली असती तर ती गैर नव्हती. आलं ते २०१४चं ठिगळ.

वटहुकुमाच्या जागी आणलेलं विधेयक जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लोकसभेत मांडलं गेलं. १४ जुलैला लोकसभेने आणि १५ जुलैला राज्यसभेने ते मंजूर केलं. काँग्रेसने विरोध केला. इतर नियामकांच्या कायद्यांशी मेळ घालतोय, असा सरकारचा युक्तिवाद होता. नव्या पोटकलमात दोन वर्षांचा थांबा आहे, पण तो केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीने माफ होऊ शकतो. आधी दार कायमचं बंद होतं. आता त्याला कुलूप आहे आणि किल्ली ज्याच्यापासून अंतर राखायचं त्याच्याच खिशात. खासगी नोकरीची बंदीही दूरसंचार कंपन्यांपुरती उरली आणि तीही याच परवानगीच्या अधीन.

दार उघडलं की वापरलं जातंच. २०१६च्या फेब्रुवारीत फेसबुकचं 'फ्री बेसिक्स' अडवणारा, इंटरनेटवर दरांत दुजाभाव करायला मनाई करणारा नियम ट्रायने काढला. 'फ्री बेसिक्स'च्या बाजूने लाखो साचेबंद ईमेल येऊनही प्राधिकरण हललं नाही. ट्रायच्या इतिहासातली ही सर्वांत ताठ कण्याची कामगिरी आणि तेव्हाचे अध्यक्ष होते आर. एस. शर्मा. ते ३० सप्टेंबर २०२० रोजी निवृत्त झाले आणि २०२१च्या सुरुवातीला केंद्राच्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. जुन्या पोटकलमाखाली हे शक्य नव्हतं. शर्मांनी काही वावगं केलं, असं मला सुचवायचं नाही; उलट त्यांचंच उदाहरण घ्यायचं कारण असं की नियम वाईट माणसांसाठी नसतो, चांगल्या माणसावरही कुणी शंका घेऊ नये म्हणून असतो. सोधींनंतर ट्रायचे अध्यक्ष झालेले एम. एस. वर्मा हे स्टेट बँकेचे माजी अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर ट्रायचे सलग सहा अध्यक्ष सनदी सेवेतून आले. ज्यांनी उमेदीची वर्षं सरकारी फायलींवर काढली, त्यांना सरकारी फाइल परत मिळण्याची आशा लावून ठेवणं शहाणपणाचं नाही, इतकाच मुद्दा.

सप्टेंबर २०२२मध्ये दूरसंचार विधेयकाचा मसुदा आला. परवान्यांआधी ट्रायला विचारण्याचं, २०००च्या दुरुस्तीने दिलेलं बंधनच त्यात सैल केलं होतं. ओरड झाली आणि तो भाग मागे घेतला गेला. अंतिम विधेयक १८ डिसेंबर २०२३ला लोकसभेत आलं, २० तारखेला तिथे आणि २१ला राज्यसभेत मंजूर झालं. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते. टेलिग्राफ कायद्याच्या जागी येणारा, १३८ वर्षांतून एकदा होणारा हा बदल, त्यावर बोलायला समोरचे बाक जवळजवळ रिकामे. ट्रायच्या कायद्याला त्यात आणखी एक जोड मिळाली: ३० वर्षांचा अनुभव असलेला, कंपनीच्या संचालक मंडळावर किंवा मुख्य कार्यकारी पदावर राहिलेला माणूसही आता अध्यक्ष होऊ शकतो. या सगळ्यावर ट्रायच्या अध्यक्षांचं मत काय होतं? अध्यक्षच नव्हता. पी. डी. वाघेला सप्टेंबर २०२३अखेर निवृत्त झाले आणि रेल्वे बोर्डाचे माजी अध्यक्ष अनिलकुमार लाहोटी यांची नेमणूक जानेवारी २०२४च्या शेवटी झाली. मधले जवळपास चार महिने खुर्ची रिकामी.

संसदेने नियामकाला जाब विचारणं ही ढवळाढवळ नव्हे. ट्रायचा वार्षिक अहवाल दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो, ट्रायने केलेले नियमही. सभागृहांना ते नियम बदलता आणि रद्दही करता येतात. हे अधिकार हवेतच. पण ट्रायचं स्वातंत्र्य घटलं ते खासदारांनी फार प्रश्न विचारल्यामुळे नाही. सरकारने पुढे केलेल्या कागदावर त्यांनी प्रश्न न विचारता शिक्का मारला, म्हणून घटलं.

११ मे २०१६ रोजी कॉल ड्रॉपसाठी ग्राहकाला एक रुपया भरपाई देण्याचा ट्रायचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्या निकालात न्यायमूर्ती नरिमन यांनी संसदेला एक सूचना केली होती: नियम करण्याआधी लोकांचं म्हणणं खुलेपणाने ऐकणं आणि निर्णयाची कारणं देणं सर्व संस्थांवर बंधनकारक करणारा सर्वसाधारण कायदा करा. तो कायदा संसदेने अजून केलेला नाही.