लिनक्सवर घड्याळ साडेपाच तास का चुकते? : किरकोळ अडचणी व त्यांवरील उपाय

नवी दिल्ली : विंडोज १० या संगणक प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. विंडोज ११ साठी आवश्यक असलेली टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था अनेक जुन्या संगणकांत नाही. अशा संगणकांसाठी उबुंटू, मिंट, फेडोरा यांसारख्या लिनक्सवर आधारित मुक्तस्रोत प्रणालींचा पर्याय उपलब्ध आहे. अनेक जण विंडोज कायम ठेवून त्याच संगणकावर लिनक्सही बसवतात. या रचनेला ‘ड्युअल बूट’ म्हणतात. अशा संगणकांवर पुढील अडचणी वारंवार आढळतात. त्यांचे कारण बहुधा बिघाड नसून दोन प्रणालींचे भिन्न संकेत हे असते.

घड्याळातील फरक : संगणक बंद असतानाही मदरबोर्डवरील घड्याळ सुरू असते. त्यातील वेळ विंडोज स्थानिक मानते, तर लिनक्स ती जागतिक समन्वित वेळ मानते. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. त्यामुळे लिनक्स वापरून विंडोज सुरू केल्यास घड्याळ नेमके तेवढेच मागे दिसते. लिनक्सच्या ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेतील ‘सेट-लोकल-आरटीसी’ पर्यायाला १ हे मूल्य दिल्यास दोन्ही प्रणाली स्थानिक वेळ पाळतात. भारतात उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे-मागे केली जात नसल्याने येथे हा उपाय सहसा अडचणीचा ठरत नाही. मात्र बदल एकाच प्रणालीत करावा. दोन्हीकडे केल्यास फरक उलट दिशेने पुन्हा दिसतो. घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले असल्यास मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी तपासावी. तारीख चुकल्यास संकेतस्थळेही असुरक्षित असल्याचा इशारा मिळू शकतो.

फाइल उघडते, पण जतन होत नाही : विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ सुविधेमुळे संगणक बंद केल्यावरही विंडोजचे विभाग पूर्णपणे मोकळे होत नाहीत. माहितीची हानी टाळण्यासाठी लिनक्स असे विभाग केवळ वाचनासाठी उघडते. तेथे बळजबरीने लेखन करू नये. विंडोजच्या पॉवर पर्यायांत जाऊन ही सुविधा बंद करावी आणि संगणक पूर्णपणे बंद करून पुन्हा सुरू करावा.

मराठी टंकलेखन : उबुंटूच्या सेटिंग्जमधील कीबोर्ड विभागात मराठी हा निवेश स्रोत जोडता येतो. त्यानंतर ‘सुपर’ म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि स्पेसबार एकत्र दाबल्यास भाषा बदलते. जुने मराठी दस्तऐवज निरर्थक अक्षरांत दिसत असल्यास ते युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले असण्याची शक्यता असते. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हाच त्यावरील टिकाऊ उपाय होय.

अद्ययावतीकरण अडणे : उबुंटू व मिंटमध्ये सॉफ्टवेअर बसवताना कुलूप असल्याचा संदेश आल्यास पार्श्वभूमीवर दुसरे अद्ययावतीकरण सुरू असण्याची शक्यता असते. ते पूर्ण होईपर्यंत थांबावे. कुलपाची फाइल हाताने काढून टाकल्यास अर्धवट बसवलेले सॉफ्टवेअर निकामी होण्याचा धोका असतो.

पूर्वतपासणी : यातील अनेक प्रणाली पेनड्राइव्हवरून, संगणकावर न बसवताही चालवून पाहता येतात. वाय-फाय, ध्वनी, प्रिंटर व टचपॅड यांची तपासणी त्याच वेळी करावी. प्रत्यक्ष स्थापनेपूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत स्वतंत्र डिस्कवर घेणे अत्यावश्यक आहे. स्थापनेच्या वेळी चुकीचा विभाग निवडला गेल्यास त्यातील माहिती पुसली जाते आणि ती परत मिळेलच याची खात्री नसते.