दीड मिलिसेकंद

मागच्या शनिवारी तुळजापूरला जाऊन आलो. वर्षातून एकदा देवीला जायचं हा आमच्या घरचा नियम, त्यामुळे त्यात नवीन काही नाही. नवीन होता तो गाडीतला डीएसपी. म्हणजे स्पीकरकडे निघालेला आवाज मध्येच अडवून, त्याचे आकडे करून, त्यात हवे ते फेरफार करून पुढे सोडणारा डबा. किती पैसे गेले ते विचारू नका, हे बायकोही वाचते :-)

सोलापूर मागे पडलं आणि शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "गाणं माझ्या दारातूनच का येतंय रे सगळं?"

त्याचं असं आहे. गाडीत कोणीच मधोमध बसत नाही. माझ्या गाडीत उजव्या दारातला स्पीकर माझ्या डोक्यापासून ९० सेंटिमीटरवर आहे, डाव्या दारातला १४० वर. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे उजवीकडचा आवाज दीड मिलिसेकंद आधी पोचतो, आणि गाणारी बाई समोर काचेपाशी उभी राहायच्या ऐवजी माझ्या उजव्या गुडघ्याशी येऊन बसते. उपाय सोपा. उजव्या स्पीकरला दीड मिलिसेकंद थांबवून ठेवायचं. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर सत्तर घरांचा रिंग बफर, बस्स. कॉलेजातला प्रोग्राम आहे हा! मी दोन रविवार टेप घेऊन मोजमापं केली आणि बाई एकदाची काचेपाशी उभी राहिली.

बाबांच्या सीटवर मात्र हिशोब उलटा. डावा स्पीकर त्यांना मुळातच जवळ, त्यात उजव्याला मी मुद्दाम उशीर केलेला. एकूण फरक तीन मिलिसेकंदांच्या आसपास. आणि बाबांचा डावा कान चार वर्षांपासून मंद आहे. म्हणजे एवढी निगुतीने लावलेली सिस्टिम त्यांच्या नेमक्या नको त्या कानाशी गात होती. इतके दिवस हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

गंमत अशी की ही अडचण सुरुवातीला नव्हतीच. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी 'मोटोरोला' नावाचा गाडीतला रेडिओ बाजारात आणला तेव्हा स्पीकर एकच असायचा. सगळ्यांना सारखंच वाईट ऐकू यायचं. पुढच्याच वर्षी इंग्लंडात ॲलन ब्लमलाइनने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. आवाजाला डावं-उजवं आलं, आणि त्याबरोबर 'चांगली जागा' आणि 'वाईट जागा' हा भेदही आला.

कान जागा कशी ठरवतो हे नीट मोजलं गेलं ते १९४९ च्या सुमाराला. गटिंगेनमध्ये हेल्मुट हासने त्यावर प्रबंध लिहिला. एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या मिलिसेकंदांच्या अंतराने आला, तर आपल्याला दोन आवाज ऐकू येत नाहीत. एकच येतो, आणि तो जिथून आधी आला तिथूनच आल्यासारखा वाटतो. मागून येणारा काहीसा मोठा असला तरीही! पहिला येईल त्याचं राज्य.

याचा मला सगळ्यात आवडणारा उपयोग लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमधला, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचा. तिथे प्रवचन मागच्या रांगांना कळायचंच नाही, दगडी घुमटाखाली शब्द एकमेकांवर चढायचे. पार्किन आणि टेलर या दोघांनी चुंबकीय थर दिलेल्या फिरत्या चकतीवर आवाज नोंदवला आणि कडेने थोड्या थोड्या अंतरावर बसवलेल्या हेडनी तो वाचून मागच्या स्पीकरना क्रमाने उशिरा दिला. प्रत्येक रांगेला वाटावं, आवाज समोरून वक्त्याकडूनच येतोय. प्रोग्रामर मंडळींनी ती चकती डोळ्यांसमोर आणावी. आपला रिंग बफरच की तो, फक्त लोखंडी!

पुढचं भराभर सांगतो. १९७१ मध्ये लेक्सिकॉनचं डेल्टा टी-१०१ हे डिजिटल डिले यंत्र आलं, १९८३ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस३२०१० ही चिप, आणि मग असं गणित स्वस्त होत होत गाडीच्या सीटखाली मावलं. पण कॅथेड्रलमध्ये उशीर केला तो लांबच्या माणसाला ऐकू यावं म्हणून. गाडीत आपण तोच उशीर करतो तो स्टिअरिंगवाल्यासाठी, आणि शेजारच्याचं बिघडवून. असो.

दर्शन लवकर झालं म्हणून नळदुर्गला गेलो. धाराशिव जिल्ह्यातल्या या किल्ल्यात बोरी नदीवर दगडी बंधारा आहे आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीनने तो बांधला. हा इब्राहिम म्हणजे गाणंवेडा माणूस. 'किताब-ए-नौरस' हा रागांत बांधलेल्या गीतांचा ग्रंथ त्याने दखनीत लिहिला, आपल्या आवडत्या तंबोऱ्याला मोती खाँ असं नाव दिलं. बंधारा भरून वाहायला लागला की महालाच्या खिडक्यांसमोरून पाण्याचा पडदा कोसळतो आणि आतला माणूस कोरडा राहतो. त्या आवाजाच्या मागे बसायची जागा ठरवताना त्याने कानाचाही विचार केला असणार, हा माझा आपला तर्क. पुरावा शून्य.

आम्ही गेलो तेव्हा पाणी बेताचंच होतं, धबधबे बंद. मी आत पुढे गेलो आणि हाक मारली. बाबा पायरीवर थांबले आणि भलतीकडेच बघायला लागले. "तू नेमका कुठून बोलतोयस?"

दगडी भिंतींवरून आवाज परत येत होता, पण माझी थेट हाक आधीच पोचत होती. तरीही दिशा कळायला दोन कान लागतात. या कानाकडून त्या कानाकडे जायला आवाजाला जेमतेम पाऊण मिलिसेकंदही लागत नाही, पण मेंदू त्या फरकावरच डावं-उजवं काढतो. बाबांकडे तो फरक उरलाच नव्हता. चार वर्षं ते रस्ता ओलांडताना माझा दंड का धरतात हे मला तिथे कळलं. मी त्याला वय म्हणत होतो.

गाडीत बसल्यावर लॅपटॉप उघडला. टेपचं एक टोक बाबांनी उजव्या कानाशी धरलं, दुसरं मी स्पीकरला लावलं. डावा-उजवा आवाज एकत्र केला, म्हणजे डावीकडचं काही हरवायला नको. डाव्या स्पीकरला उशीर दिला, उजवा थोडा मोठा केला आणि दोन नंबरच्या प्रीसेटवर सेव्ह केलं. माझ्या सीटवर त्याने पार वाट लागली, बाई पुन्हा गुडघ्याशी.

उमरग्याचा फाटा मागे टाकून सोलापूरकडे वळलो. बाबा डोळे मिटून ऐकत होते.

"आता बरं येतंय," ते म्हणाले. "ते ढुम ढुम जरा कमी कर."