इंजिनाची टिकटिक आणि मिस्त्रींचा कान

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, ताम्रपट आणि बखरी येतात. कानांनी जपलेला इतिहास सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आज मी अशाच एका इतिहासाबद्दल बोलणार आहे. विषय तसा साधा आहे. जुन्या मोटारीच्या इंजिनातून येणारी टिकटिक आणि ती ओळखणारे आपल्याकडचे मिस्त्री.

मी मलकापूरचा. 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर विशाळगडच्या प्रतिनिधींचं ठाणं गडावरून खाली आलं, ते या गावात. 1891 मध्ये कोल्हापूरला रेल्वे आली, पण ती आमच्या बाजूला कधी वळली नाही. त्यामुळे कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता हाच आमचा आधार. पुढे आंबा घाट. घाट म्हणजे इंजिनाची परीक्षा, म्हणून घाटाअलीकडच्या गावात गॅरेज हवंच. माझे एक मामू तिथे मिस्त्री होते. मिस्त्री किंवा मेस्त्री हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्याचा मूळ अर्थ उस्ताद. मामूंना तो शोभून दिसायचा.

त्या काळी गॅरेजात गाड्या यायच्या तीनच जातीच्या. पहिली जीप. 1945 मध्ये महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहंमद यांनी ‘महिंद्र अँड मोहंमद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव बदलून ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. दुसरी फियाट. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. हीच पुढे ‘पद्मिनी’ झाली. तिसरी अर्थात अॅम्बॅसिडर. तिघींची अंगकाठी वेगळी, पण एक तक्रार सारखी. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, “मिस्त्री, इंजिन टिकटिक करतंय.”

ही टिकटिक कसली? इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झाकणं असतात. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. ते उघडण्यासाठी खालून कॅम, टॅपेट, सळई आणि वर रॉकर अशी साखळी असते. या साखळीत मुद्दाम एक फट ठेवतात. कारण लोखंड तापलं की वाढतं. फट नसेल तर तापलेला व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कडेनं जळता वायू निसटतो आणि व्हॉल्व्ह जळून जातो. जुन्या पेट्रोल अॅम्बॅसिडरमध्ये ही फट साधारण 0.38 मिलिमीटर, म्हणजे जाड लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी. झिजेनं ती वाढली की रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो. तीच टिकटिक. फिलर गेजची पाती घालून फट मोजायची, स्क्रू फिरवायचा, नट आवळायचा. काम अर्ध्या तासाचं.

पण प्रत्येक टिकटिक टॅपेटचीच असते असं नाही, आणि मिस्त्रीची खरी कसोटी तिथेच लागते. मामू म्हणायचे, “आवाज कुठनं येतोय हे नंतर बघ. आधी किती वेळा येतोय ते मोज.” यामागचं गणित असं. इंजिनाचा मुख्य दांडा दोनदा फिरतो तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. म्हणून टॅपेटचा ठेका इंजिनाच्या निम्म्या गतीचा असतो. बेअरिंग वाजत असेल तर ते दर फेऱ्याला वाजतं. तबल्यातली बरोबरी आणि दुगुन ज्याला कळते, त्याला हा फरक कळतो. मला मात्रा कळू लागल्या त्या वृत्तांच्या पुस्तकाच्या आधी या गॅरेजात.

मग पुढच्या पायऱ्या. गार इंजिन सुरू करून ऐकायचं. आवाज तापल्यावर कमी झाला, तर सायलेन्सरच्या बाजूचं गॅसकेट फुंकत असण्याची शक्यता. एकेका प्लगची वायर काढून बघायची. एखादी काढल्यावर आवाज दबला, तर त्या सिलिंडरच्या बेअरिंगवर संशय. ढिम्म फरक नसेल, तर बहुधा टॅपेट. शेवटी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि लाकडी मूठ कानाला. पॅरिसमध्ये 1816 साली लाएनेक या डॉक्टरानं कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. मिस्त्रींची रीत त्याच कुळातली. पुष्कळ जुन्या जीपमध्ये आत घेणारे व्हॉल्व्ह वर आणि धूर सोडणारे बाजूला असत. मामू मूठ कानाला लावून सांगत, “वरचं नाही, बाजूचं वाजतंय.”

हा नुसता हौसेचा मामला नव्हता. एकदा लग्नाचं वऱ्हाड घेऊन एक अॅम्बॅसिडर कोकणात निघाली होती. ड्रायव्हर म्हणाला, टॅपेट आहे, आल्यावर करू. मामूंनी ऐकलं, मोजलं, एक वायर काढली आणि चेंबरचं ऑईल हातावर घेतलं. उन्हात त्यात बारीक चकाकणारा भुगा दिसला. बेअरिंग खाल्लं होतं. “ही घाट बघणार नाही,” एवढंच ते म्हणाले. वऱ्हाड एसटीनं गेलं. भर घाटात इंजिन जाम झालं असतं तर काय झालं असतं, हे त्या रस्त्यानं जाणाऱ्यांना सांगायला नको.

या टिकटिकीचा छडा मोठ्यामोठ्यांनी घेतला आहे. अमेरिकेत चार्ल्स नाइट नावाचे गृहस्थ दूधदुभत्याच्या धंद्याचं नियतकालिक चालवत. आपल्या मोटारीच्या व्हॉल्व्हच्या आवाजाला ते इतके वैतागले की व्हॉल्व्हच काढून टाकून त्यांनी सरकत्या नळ्यांचं इंजिन बनवलं. 1906 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात त्यांची मूक गाडी झळकली. इंग्लंडच्या डेमलर कंपनीनं ते इंजिन उचललं. अमेरिकेत विलिस कंपनीनं 1914 ते 1933 ‘विलिस-नाइट’ गाड्या विकल्या. इंजिन शांत, पण तेल पिणारं आणि धूर सोडणारं. शेवटी ते मागे पडलं. गंमत म्हणजे शांतता विकणाऱ्या त्याच विलिस कंपनीची जीप पुढे आपल्याकडे आली, ती मात्र टिकटिकणारे व्हॉल्व्ह घेऊनच. 1930 मध्ये कॅडिलॅकनं तेलाच्या दाबावर आपोआप फट भरणारी टॅपेट आणली आणि हळूहळू फिलर गेजचं काम कमी होत गेलं.

मामूंना विचाराल तर पूर्ण मुक्या इंजिनाची त्यांना धास्तीच. शिकाऊ पोरानं टॅपेट फार आवळून इंजिन गप्प केलं, की ते ओरडायचे, “वाजणारं दुरुस्त होतंय रे, गप्प बसलेलं जळतंय!” हे वाक्य मी पुढे माणसांच्या बाबतीतही खरं ठरताना पाहिलं.

अॅम्बॅसिडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 रोजी रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला. कोल्हापूरच्या दसऱ्यात राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक बघायला आपण गर्दी करतो. उद्यमनगर उभारणाऱ्यांत म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावं आदरानं घेतो. पण गावोगावच्या रस्त्यावर ज्यांनी कानाच्या जोरावर या गाड्या चालत्या ठेवल्या, त्यांची नोंद कुठे आहे? गाडीचे कागद आरटीओत सापडतील. मिस्त्रीच्या ज्ञानाला कागद नव्हता. त्यांची वही म्हणजे शेजारी उभा असलेला पोऱ्या. आता नव्या गाडीला संगणकाची वायर लावून दोष वाचतात. ते सोयीचं आहे, माझी तक्रार नाही. फक्त कानावर काम करणारा शिकाऊ पोऱ्या आता राहिला नाही आणि वही तिथेच बंद पडते आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारा फोन आहे. आपल्या गावात एखादे म्हातारे मिस्त्री असतील, एखादी जुनी फियाट किंवा जीप कुणाच्या गोठ्यात उभी असेल, तर दोघांची एकदा गाठ घालून द्या. इंजिन सुरू करा आणि त्यांना बोलू द्या. हे टॅपेट, हे गॅसकेट, हे बेअरिंग, असं ते सांगतील, ते टिपून ठेवा. मामू गेले तेव्हा असा फोन आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता.