नॉर्वेचा कर, आइसलँडचा सोडा आणि आपला काळा दगड

मंडळी, कोळशाच्या वीजकेंद्रांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडून दख्खनच्या काळ्या दगडात गाडायचा, ही चर्चा आता वरचेवर कानावर येते. म्हणून थोडा मागचा इतिहास सांगतो.

1991 साली नॉर्वेने समुद्रातल्या तेल-वायू उत्पादनावर कार्बन कर बसवला. तिथल्या स्लाइपनर क्षेत्रातल्या नैसर्गिक वायूत सुमारे 9 टक्के कार्बन डायऑक्साइड होता, आणि विकायचा तर तो 2.5 टक्क्यांवर आणणं भाग होतं. वेगळा काढलेला भाग एरवी खुशाल हवेत सोडला असता, पण आता टनामागे पैसे पडणार होते! मग 1996 पासून स्टॅटऑइल कंपनीने तो समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडायला सुरुवात केली. वर्षाला जवळपास 10 लाख टन. मला विचाराल तर यातली करामत पंपाची नाही, कराची.

सगळीकडे असं जमलं नाही. अल्जीरियात इन सालाहला 2004 पासून हेच केलं. जमीन किंचित वर उचलली गेलेली उपग्रहांनी टिपली, वरच्या झाकण-खडकाबद्दल शंका आली आणि 2011 मध्ये काम थांबलं.

आपल्या जवळची गोष्ट मात्र आइसलँडची. तिथला दगडही बेसॉल्टच. 2012 मध्ये त्यांनी वायू पाण्यात विरघळवला, म्हणजे सोडाच केला म्हणा ना, आणि तो खोल दगडात सोडला. दगडातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन त्याचं कॅल्साइट बनलं. याला शेकडो वर्षं लागतील असा समज होता. दोन वर्षांच्या आत 95 टक्के वायूचा दगड झाला. गळतीची भीतीच संपली.

पण एक टन वायूला सुमारे 25 टन पाणी लागलं. मराठवाड्यात हे कुठून आणायचं? अमेरिकेत वॉलुला इथे 2013 मध्ये पाण्याशिवाय सुमारे 1000 टन वायू बेसॉल्टमध्ये सोडला, तिथेही खनिज तयार झालं. पण ते एवढंसंच काम. आणि आपल्या विहिरी-बोअरचं पाणी याच दगडाच्या भेगांत असतं. वायू त्याच्या कितीतरी खाली सोडणार हे खरं, पण पाण्याचा दाब जमिनीखाली काय करू शकतो ते 1967 साली कोयनेने दाखवलंय.

नॉर्वेसारखा टनामागे कर आपल्याकडे नाही. तेव्हा खर्च कोण करणार, आणि त्या तालुक्यातल्या विहिरी पुढची 50 वर्षं कोण तपासत राहणार, हे मला पहिल्या बोअरच्या आधी कागदावर पाहिजे.